खडकावरचा तांडेल

डाव्या हातातली काठी खडकावर आपटायची, मान फिरवून समुद्राकडे बघायचं आणि मग म्हणायचं, "केलीस माती."

हे तीन वर्षं ऐकलं मी. दर रविवारी, एका बैठकीत कधी पाच वेळा, कधी पंधरा वेळा. गळाची गाठ सुटली, केलीस माती. कोळंबी गळावरून निसटली, केलीस माती. मासा नुसता चाटून गेला तरी माती मीच केलेली. कचेरीत साहेब बोलायचा ते निदान इंग्रजीत असायचं, अर्धं कळायचं नाही. तांडेलांचं सगळं कळायचं.

तुमच्यापैकी कोणी त्या काळात वर्सोव्याला गेला असाल तर त्यांना पाहिलं असेल. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या काळ्या खडकांवर एक उंच, रापलेला म्हातारा बसलेला असायचा. कमरेला रुमाल, डोक्याला तांबडी टोपी, आणि उजवा हात गळ्यातल्या फडक्याच्या झोळीत ठेवलेला. मूल झोपवावं तसा. तो हात झोपलेलाच होता. अंगावरून वारं गेलं होतं, पाय सावरला, हात राहिला. त्याआधी ते तांडेल होते, म्हणजे होडीचे मुख्य. त्यांच्या शब्दावर आठ माणसं समुद्रात जायची आणि परत यायची. आता होडी मुलगे नेत होते, आणि तांडेल खडकावर बसून गळ टाकत होते. कोळीवाड्यात हे काम पोरंसोरं करतात. खरा कोळी जाळं घेऊन खोल पाण्यात जातो. हे मला कोणी सांगितलं नाही, त्यांच्या बसण्यावरूनच कळायचं.

मी तिथे पोचलो तो एका साहेबामुळे. स्वातंत्र्य येऊन सहासात वर्षं झाली होती. आमच्या कचेरीतला शेवटचा गोरा साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना आपली गळाची काठी मागे टाकून गेला. पॉलिश केलेली वेताची काठी, तिला पितळेची चक्री. ती कपाटाआड धूळ खात पडली होती. त्याच आठवड्यात मला हवी असलेली जागा दुसऱ्याला मिळाली होती. रागारागाने मी ती काठी उचलली, सायकलला बांधली आणि अंधेरीच्या खोलीवर घेऊन आलो. बायको म्हणाली, "ह्याचं काय करायचं?" मी म्हणालो, "मासे धरायचे." मी मूळचा साताऱ्याकडचा. तोवर मी धरलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे घरातला उंदीर.

पहिल्या रविवारी सकाळी सातला मी वाळूवर उभा राहिलो, पावाची गोळी गळाला लावली आणि भिरकावली. ती माझ्यापासून चार हातांवर पडली. अर्धा तास उभा होतो. पाणी माझ्यापासून लांब लांब जात होतं आणि मी त्याच्या मागे मागे चालत होतो. शेवटी लांबून आवाज आला, "ए पाटलोणवाल्या! चिखलात मासे लावतोस का?"

मी खडकांपाशी गेलो. त्यांनी चक्रीकडे बघितलं, डाव्या हाताने एकदा फिरवली. ती करकरली.

"हे शिवायचं यंत्र आहे का?"

"मासे धरायची काठी आहे."

"माशाला ठाऊक आहे का?" त्यांची कोळी बोली मला नीट लिहिता येणार नाही, म्हणून आपल्या मराठीत सांगतो. पण त्यातला खवटपणा जसाच्या तसा आहे असं समजा. "ओहोटीला आलास. पाणी बाहेर चाललंय, त्याच्याबरोबर मासे चाललेत. आज तिथी काय?"

"चतुर्थी."

"पाऊणकी येते?"

शाळेत पाऊणकीच्या पाढ्यासाठी मी छड्या खाल्ल्या होत्या, पण तो पाढा माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी म्हणालो, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन."

"तीनला भरती. तिथीला पाऊणने गुणायचं, तो भरतीचा वाजायचा टाइम. त्याच्या आधी दोन तास मासा किनाऱ्याला खायला येतो. एक वाजता ये." मग जरा थांबून म्हणाले, "पाऊणकी बरी येते तुला."

तीन वर्षांत त्यांनी माझी केलेली ही पहिली स्तुती. दुसरी झालीच नाही.

एक वाजता मी परत गेलो. त्यांनी मूठभर जिवंत कोळंबी, शिशाची गोळी आणि गळ माझ्यासमोर ठेवला. "बांध." मी बुटाच्या नाडीची गाठ मारली. काठी आपटली गेली. "केलीस माती." मग तोंडाने गाठ शिकवणं सुरू झालं. "दोरी नेढ्यातून काढ. आता तिच्याभोवती पाच वेढे दे. पाच म्हणालो, चार नाही. टोक मागे आण, खालच्या फाशातून. खालच्या! ओलं कर. थुंकी लाव. आता ओढ. ओढ म्हणालो, उपटू नकोस."

मला वाटलं हा म्हातारा मला शिकवतोय. पुढच्या दोनतीन रविवारी लक्षात आलं की माझी गाठ जमली की ते आपली दोरी पुढे करतात, आणि मी त्यांचाही गळ बांधून देतो, त्यांचीही कोळंबी शेपटीकडून ओवून देतो. त्यांना हे एका हाताने होत नव्हतं. ते माझ्याकडे कधीही मागत नसत. दोरी नुसती माझ्या मांडीवर येऊन पडायची, चुकून पडल्यासारखी.

त्यांना सगळं येत होतं आणि हात नव्हता. मला दोन हात होते आणि काहीच येत नव्हतं. अशी दोन माणसं एका खडकावर बसवली तर काय होतं, ते तुम्हीच ओळखा.

"सावली पाण्यावर टाकू नको. पाय आपटू नको, खडक बोलतो खाली. गढूळ पाणी अन् निळं पाणी कुठे मिळतंय बघ, त्या शिवेवर टाक. तिथे नाही! शिवेवर! पहिला झटका आला की ओढू नको, तो चाखतोय. दुसऱ्याला पण नाही. दोरी चालायला लागली की मग." मी पहिल्याच झटक्याला ओढायचो. अंगातच ते होतं. रिकामा गळ वर यायचा आणि काठी आपटायची.

एकदा अखेर मी काहीतरी वर काढलं. राखाडी, मिशावाला, चांगला वीतभर. आनंदाने मी झडप घालून तो मुठीत धरला, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत आग गेली. तो शिंगाळा होता. त्याच्या कल्ल्याजवळच्या पंखात विषारी काटा असतो, हे तांडेल मला सांगायला विसरले नव्हते, मी ऐकायला विसरलो होतो. मी खडकावर बसून अक्षरशः रडलो. त्यांनी मला डाव्या हाताने दंडाला धरून घरी नेलं. त्यांच्या बायकोने, तिला सगळे मावशी म्हणायचे, सोसवेल तितक्या कढत पाण्यात माझा हात बुडवून धरला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला सांगितलं नव्हतंस?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा सांगायचं."

तांडेल दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. माझा सुजलेला हात बघत होते. मग म्हणाले, "दुखतोय ना? बरं आहे." मी संतापलो. पुढे कितीतरी दिवसांनी मला त्या 'बरं आहे'चा अर्थ लागला. तेव्हा मात्र सायकल एका हाताने चालवत अंधेरीपर्यंत मी त्यांना शिव्या घालत गेलो.

तरी पुढच्या रविवारी मी गेलोच. का, ते मला सांगता येत नाही. घरी बायको म्हणायची, "मासळी बाजारात मिळते, ओरडून घ्यायचं असेल तर मी आहे." तिचं बरोबर होतं. दोन वर्षांत मी मिळून चौदापंधरा बोटभर मासे घरी नेले असतील, त्यातले निम्मे मांजराने खाल्ले. पण मला वाटायचं, एकदा, एकच चांगला मासा ह्या माणसासमोर काढायचा. एकदा ह्याचं तोंड बंद झालेलं बघायचं.

ती वेळ आली दुसऱ्या दिवाळीनंतर. दुपारची भरती चढत होती. माझी दोरी आधी दोनदा थरथरली आणि मी, देवाची शपथ, हललो नाही. मग ती चालायला लागली. सावकाश, कोणीतरी आपलीच वस्तू उचलून निघाल्यासारखी. मी काठी उचलली आणि पलीकडे पाणी फुटलं. माझ्या हाताएवढा लांब, चांदीसारखा मासा सबंध बाहेर आला, डोकं झटकलं आणि परत पडला.

"जिताडा!" तांडेल उभे राहिले. त्यांच्या हातातली काठी पाण्यात पडली तरी त्यांना कळलं नाही. "सोड! दोरी सोड, जाऊ दे त्याला! आता धर! काठी वर! वर कर म्हणतो! सोड, सोड, सोड! अरे धर!"

चक्रीची मूठ माझ्या बोटांवर आपटत होती, अंगठ्याची साल गेली होती. मी सोडत होतो तेव्हा ते धर म्हणत होते, धरत होतो तेव्हा सोड. त्यांचा डावा हात हवेत दोरी ओढत होता, खांदा पुढेमागे होत होता, आणि झोळीतला उजवा हात त्या धक्क्यांनी नुसता हेलकावत होता. मासा थकला. मी त्याला खडकाच्या पायथ्याशी आणला. त्याची पांढरी कूस दिसली. आणि मला राहवलं नाही. मी ओढला. दोरी कालवं चिकटलेल्या कडेवर घासली आणि तुटली.

मासा क्षणभर तिथेच होता. मग नव्हता.

"केलीस माती," तांडेल ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "दोन हात! दोन हात दिलेत देवाने, दोन हात असून केलीस माती!"

"मग घ्यायची होती काठी तुम्ही!" मी ओरडलो. "तुम्ही ओढायचा होता!"

बोलून गेलो. लाट आली, खडकावरून परत गेली. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो दुसऱ्या कोणाचा असावा आणि त्याने इथे काय करावं असा प्रश्न पडल्यासारखं बघितलं. मग म्हणाले, "घेतली असती." आवाज अजिबात चढलेला नव्हता. खाली वाकून त्यांनी कोळंबीचं मडकं उचललं आणि खडकांवरून, काठीवाचून, तोल सांभाळत निघून गेले.

मी पाच रविवार गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार? क्षमा मागायची तर त्या माणसाकडे कशी मागायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या पाच आठवड्यांत मी कचेरीत दोघांशी भांडलो, घरी दूध उतू गेलं म्हणून ओरडलो. शेवटी बायको म्हणाली, "तुमचा तो तांडेल परवडला. तो निदान समुद्रावर ओरडतो. तुम्ही खोलीत ओरडता. जा बाई एकदाचे तिकडे."

सहाव्या रविवारी गेलो. आधी घरीच गेलो, धीर व्हावा म्हणून. मावशी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मला बघून तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"आजारी होतास?"

"नाही."

"मग?"

मी वाकून सुपातली सुकट निवडायला लागलो. ती म्हणाली, "दर रविवारी जातो तो. दातात धरून गळ बांधतो. बघ जाऊन, ओठ कसा सुजलाय. मी म्हटलं, मी बांधून देते. तर म्हणतो, बायकोकडून गळ बांधून घेऊ? म्हटलं शेजारच्या पोराला ने. तर म्हणतो, नको, माझा उजवा हात अंधेरीला राहतो. मठ्ठ आहे, पण दर रविवारी येतो. महिना झाला, कुठे मेलाय कोणास ठाऊक."

मी खडकांवर गेलो. ते पाठमोरे बसले होते. मी चपला हातात घेऊन, पाय न आपटता, सावली मागे ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. खालच्या ओठावर दोन काळ्या खपल्या होत्या.

"तांडेल, त्या दिवशी मी..."

"सव्वादोनला भरती झाली. आता तीन वाजले."

"हो. पण त्या दिवशी जे बोललो..."

"बोलू नको. मासे जातात." आणि दोरी माझ्या मांडीवर येऊन पडली.

मी गाठ बांधली. पाच वेढे. त्यांनी ती ओढून बघितली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली. म्हणाले, "सैल आहे." सैल नव्हती.

पुढचं वर्ष तसंच गेलं. मी सुधारलो असं मला वाटायचं, त्यांना वाटायचं नाही. जिताड्याचा विषय ते अधूनमधून काढायचे, पण माझ्याशी नाही, समुद्राशी. "एवढा होता," असं डाव्या हाताने हवेत दाखवायचे, आणि दुसरं टोक दाखवायला दुसरा हात नसल्यामुळे तो मासा दर वेळी कुठेच संपायचा नाही.

त्या पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून पुन्हा वारं गेलं. ह्या वेळी वाचा गेली. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, मुलगे घरीच होते, त्यांनी सगळे उपाय केले. मी जायचो, अर्धा तास बसायचो. तांडेल छताकडे बघत पडलेले असायचे. डोळे मात्र तसेच, खवट. मी काही बोललो की ते मान फिरवायचे. गप्प तांडेल मला सहन होत नव्हते. तीन वर्षं ज्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी झुरलो, त्यांचं तोंड खरंच बंद झालं होतं, आणि त्या शांततेत मी पंख्यासारखा पुठ्ठा हलवत बसायचो.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या. एका चतुर्थीच्या रविवारी मावशी मला म्हणाली, "तू जा खडकावर. इथे बसून तो चिडतो." खडकावर मी एकटा कधीच बसलो नव्हतो. दीड वाजता गळ टाकला. पाण्याची शीव त्या दिवशी अगदी रेघ मारल्यासारखी दिसत होती. दोनच्या सुमाराला दोरी थरथरली. थांबलो. पुन्हा थरथरली. थांबलो. चालायला लागली. मी सोडली, धरली, सोडली. तोंडातून माझ्याच नकळत आवाज येत होता, सोड, धर, सोड. घासणाऱ्या कडेपासून त्याला लांब ठेवत, बाजूच्या घळीतून मी त्याला वर घेतला. पालू होता. जिताडा नव्हे, पण चांगला हातभर, जाड पाठीचा, तासाभराने खडकावर येणाऱ्या कोणालाही दाखवता आला असता असा.

तासभर कोण थांबतो! डबा गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्रात तो गुंडाळला आणि धावत घरी नेला. तांडेलांच्या शेजारी जमिनीवर ठेवला. "बघा," मी म्हणालो. "मी काढला. एकट्याने."

त्यांनी मान वळवली. बराच वेळ बघितलं. मग डावा हात हळूहळू चटईवरून पुढे आणला आणि माशावरचा ओला कागद सोलायला सुरुवात केली. कागद चिकटला होता, तुकड्यातुकड्याने निघत होता. मी मदतीला हात घातला तर त्यांनी तो ढकलून दिला. सगळा कागद काढून झाला. खवल्यांवर शाईची अक्षरं उमटली होती, ती त्यांनी अंगठ्याने पुसली. कल्ला उचलून आतला लाल रंग बघितला. डोळा दाबून बघितला. आता, मला वाटलं, आता तरी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात दाराकडे केला.

"काय म्हणतात?" मी मावशीला विचारलं.

मावशीने त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "म्हणतोय, भरती अजून आहे. इथे काय बसलास?"

मला इतका राग आला म्हणून सांगू! एक मान हलवली असती तर काय गेलं असतं? मी उठलो, काठी घेतली, परत खडकावर जाऊन बसलो. मी निघालो तेव्हाच मावशी चूल पेटवत होती, माझा मासा विळीवर घेत होती. तीन वाजले, पाणी भरलं, थबकलं, फिरलं. एकही झटका आला नाही. मी तरी हट्टाने बसून राहिलो, मनातल्या मनात त्यांना सगळं बोलून घेत. ओहोटीने खडक उघडे पडले तेव्हा उठलो.

घराशी पोचलो तर गल्लीत माणसं उभी होती. बायका दारात होत्या. कोणीतरी मुलग्यांच्या होडीला निरोप कसा धाडायचा ते विचारत होतं. मला कोणी काही सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही. आत मावशी त्यांच्या उशाशी बसली होती. चूल विझवलेली होती. कालवणाचं मडकं कोणीतरी उतरवून बाहेर ओट्यावर आणून ठेवलं होतं, झाकण न घालता. मी वाकून बघितलं. पालूचे तुकडे अजून अर्धे कच्चेच होते.